बापूंना बसून बघता येईल असा टीव्ही

आश्रमशाळा, मंगलगुडा
(जि. आसिफाबाद)
९ जुलै

वंशी,

पत्र बघून हसू नकोस. इथं फोन फक्त घड्याळ म्हणून चालतो. महिन्यातून एकदा बँकेच्या कामाला आसिफाबादला जाणं होतं, तेवढीच रेंज. बाकी सगळं टपालावर.

मी मजेत आहे. सातवीच्या गोंड मुलींना विज्ञान शिकवते. त्या मला झाडांची नावं शिकवतात. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, ‘टीचर, तुम्ही शिकलात तेव्हा तुमच्या घरात आधी कोण शिकलं होतं?’ मी म्हटलं, कुणीच नाही. त्या सगळ्या एकदम सरसावून बसल्या. त्या प्रश्नासाठीच मी करीमनगरची बँकेतली नोकरी सोडून इथं आले, असं मला वाटलं.

आता कामाचं. आपल्या टीव्हीत माणसं हिरवी दिसतात, असं अव्वा फोनवर म्हणाली. मला बतुकम्माच्या सणाआधी घरात नवा टीव्ही हवाय. माझ्या दोन पगारांत बसेल असा, पण सिनेमा बघताना सिनेमा बघितल्यासारखं वाटेल असा. तू पॉलिटेक्निकला आहेस, तुला त्यातलं कळतं. चौकशी कर आणि लिही. तुझी ती गेमची पेटी त्याला जोडता आली तर जोड, पण टीव्ही त्यासाठी नाही, हे डोक्यात ठेव.

टीव्ही बापूंसाठी आहे. आपल्याला किती सिनेमे दाखवलेत त्यांनी! नेहमी पडद्याच्या अगदी पुढची रांग, मान दुखेपर्यंत. तू म्हणायचास, बापू स्वस्तातली तिकिटं काढतात. आणि आता बघ. जूनमध्ये एका सकाळी मी सांगितलं की बँक नको, आश्रमशाळेत जाते. संध्याकाळी आपण चौघं तो नवा मोठा सिनेमा बघायला गेलो. मध्यंतराला बापू उठले ते परत आलेच नाहीत. थेटरच्या पायरीवर शेंगा खात बसले. मी निघाले तेव्हाही नुसती मान हलवली. परवा फोनवर मी विचारलं, ‘बापू, माझ्यावर रागावलात का?’ ते म्हणाले, ‘हो, हो,’ आणि फोन अव्वाकडे दिला.

चार मागांच्या मधे उभं राहून त्यांनी आपल्याला शिकवलं. मी आणलेल्या एखाद्या गोष्टीसमोर ते खुर्चीत निवांत बसलेले मला बघायचेत. त्यांचा राग त्याशिवाय जाणार नाही असं वाटतं.

तुझी,
हारिका अक्का


सिरसिल्ला
१८ जुलै

अक्का,

पोस्टमनने तुझं पत्र आणलं तेव्हा अव्वाला वाटलं कोर्टाची नोटीस. ‘माझी पोरगी नोकरीला लागून महिना नाही झाला आणि खटला?’ म्हणून बिड्यांचं सूप बाजूला ठेवून उभीच राहिली. वाचून दाखवल्यावर म्हणाली, ‘टीव्ही आणायचाच तर माणसं माणसांच्या रंगाची दिसतील असा आण म्हणावं. बाकी मला काही कळत नाही.’ मग पाऊण तास बोलत होती.

मी चौकशी केली. ऐक. टीव्ही मोठा घेतला म्हणजे चांगला घेतला, असं नसतं. आपली खोली आगगाडीच्या डब्यासारखी अरुंद. पंचावन्न इंची भिंतीवर लावला तर तो बघायला रस्त्यावर बसावं लागेल. त्रेचाळीस पुरे. दुसरं म्हणजे अव्वा दाराजवळ बिड्या वळत तिरकी बसते. स्वस्त टीव्ही बाजूने बघितले की सगळी माणसं काळवंडतात. म्हणजे हिरवी गेली आणि काळी आली.

तिसरं तुला पटणार नाही, पण लिहितो. माझ्या गेममधे बटण दाबलं की गाडी त्याच क्षणी वळायला हवी. काही टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतात. मी बटण दाबतो, टीव्ही पावडर लावत बसतो, तोवर गाडी दरीत. आणखी काही टीव्हींमधे काहीही जोरात हललं की मागे शेपूट उमटतं, ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखं. सिनेमा बघणाऱ्याला हे चालून जातं. खेळणाऱ्याला नाही. तेव्हा मधला काहीतरी मार्ग काढू.

बापूंना विचारलं. मागावरून आले होते, हातपाय धूत होते. दोनदा विचारल्यावर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुम्ही घ्या. तुम्ही बघा. मी बाहेर ओट्यावर बरा.’

रागावलेत का ते मला सांगता येत नाही. राग आला तर ते काय करतात, ते मी अजून बघितलेलं नाही.

वंशी


मंगलगुडा
२ ऑगस्ट

वंशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यात दरीत पडणारी गाडीच जास्त होती. इथं माझ्या मुली एका होकायंत्राभोवती बावीसजणी गोळा होतात. आणि तू म्हणतोस, टीव्ही एका क्षणाने उशिरा वळतो! वीस वर्षांचा झालास. तुझ्या वयात बापू मागांवर दोन पाळ्या करत होते.

असो, रागावून लिहीत नाही. शेपूट, पावडर वगैरे तुझं तू बघ. माझं म्हणणं आवाजाचं आहे. आजकालच्या चपट्या टीव्हींचा आवाज डब्यात मुंगी शिरल्यासारखा येतो, असं इथल्या मुख्याध्यापकबाई सांगत होत्या. बापूंना थेटरची सवय. तेव्हा टीव्ही थोडा लहान चालेल, पण त्याच्याखाली ठेवायचा दणदणीत आवाजाचा वेगळा डबा घेऊ. पडदा उघडला की छातीत घुमलं पाहिजे. मग बघते, ओट्यावर कसे बसतात ते.

त्यांना सांग, अक्काने तुमच्यासाठी घेतलाय. नको, तसं सांगू नकोस. नुसतं सांग, घरासाठी घेतलाय.

हारिका


सिरसिल्ला
१३ ऑगस्ट

अक्का,

बापू माझ्या वयात दोन पाळ्या करायचे हे मला रोज सकाळी अव्वा सांगते. तू टपालाने पाठवायची गरज नव्हती.

आता आवाजाच्या डब्याबद्दल. आपला हिरवा टीव्ही पुरता बंद पडल्यापासून सगळे शेजारच्या मल्लव्वाकडे सिनेमा बघायला जातात. मल्लव्वाचा आवाज तुला माहीत आहे, आणि तिचा टीव्ही तिच्यावर गेलाय. बसस्टँडवर ऐकू येतो. रविवारी तिथं नवा सिनेमा लागला होता, तोच, जूनमधला. सगळी गल्ली जमली. बापू दहा मिनिटं बसले आणि उठले. मल्लव्वा ओरडली, ‘काय हो राजेशम मामा, आमच्या घरात ढेकूण आहेत का?’ ते नुसते हसले आणि गेले. म्हणजे आवाजाचा प्रश्न नाही. तिथं छातीत काय, पोटात पण घुमत होतं.

पण गंमत ऐक. बुधवारी तिथंच काळापांढरा जुना सिनेमा लागला होता, मल्लव्वा स्वतः घोरत होती, आणि बापू शेवटपर्यंत बसले. मी बोलवायला गेलो तर हात वर करून ‘थांब’ म्हणाले. घरी येताना मी विचारलं, नवा का नाही आवडत? तर म्हणाले, ‘त्या नव्या लोकांना बोलता येत नाही. काय बोलतात काही कळत नाही.’

मला वाटतं, म्हातारे होत चाललेत. पन्नाशीतच. जुनं ते सोनं करायला लागले.

डबा घ्यायचाच असेल तर तुझी मर्जी. पण बापूंना न आवडणारा सिनेमा आणखी मोठ्याने ऐकवून काय होणार?

वंशी


मंगलगुडा
२५ ऑगस्ट

वंशी,

परवा आसिफाबादहून फोन लावला होता. बापूंनी उचलला. मी ‘बापू’ म्हणाले, आणि त्यांनी माझ्याशी काही न बोलता ‘घे, तुझ्यासाठी आहे’ म्हणून अव्वाच्या हातात दिला. मी नाव सांगितल्यावरसुद्धा.

मल्लव्वाकडे ते बसत नाहीत याचं कारण सिनेमा नाही. मी सगळं घर सोडून इथं आले हे त्यांना लागलंय, आणि त्यांचं मन कशातच रमत नाही. तू म्हातारे झाले म्हणतोस. मला तसं वाटत नाही.

एक कर. टीव्ही घ्यायला जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने. करीमनगरला मोठी दुकानं आहेत, तिथं जा. त्यांनी एखाद्या टीव्हीसमोर उभं राहून ‘हा बरा आहे’ एवढं म्हटलं तर तो घे, मग तो तुझ्या गाडीला चालो न चालो. आणि ते काहीच म्हणाले नाहीत तर रिकाम्या हाताने परत या. त्यांना बसायचं नसेल तर तो टीव्ही मला नको.

डब्याचं राहू दे.

हारिका


सिरसिल्ला
१० सप्टेंबर

अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच. मुलींसमोर वाचू नकोस.

बापूंना काल करीमनगरला नेलं. यायला तयार नव्हते. अव्वाने दम दिला, ‘पोरगी जंगलातून पैसे पाठवते आणि तुम्हाला बसमधे बसायला जड जातं?’ तेव्हा धुतलेला शर्ट घातला.

दुकान मोठं. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच सिनेमा, आणि सगळ्यांचा आवाज बंद. दुकानात नुसती पंख्याची घरघर. सेल्समन पोरगा माझ्याच वयाचा. बापूंना बघून म्हणाला, ‘मामा, हा पंचावन्न इंची घ्या. थेटर घरात येईल.’ बापू त्याच्याकडे नीट बघून म्हणाले, ‘मग घर कुठं ठेवू?’ तो पण हसला.

मी माझी तपासणी सुरू केली. वाकून बघ, बाजूने बघ, मागच्या खाचा मोज. गेमसाठीची सोय आहे का विचार. बापू भिंतीसमोर हात मागे बांधून उभे होते. आणि अचानक ते हसले. मोठ्याने, पोट हलवून, मल्लव्वाच्या घरी कधीच हसले नाहीत तसे. मी वळून बघितलं. पडद्यावर एक माणूस कुणाला तरी काहीतरी सांगत होता. पुढच्या क्षणी त्याने तोंड मोठं उघडलं आणि गालात लपवलेला लाडू दिसला. दुकानातली दोन माणसं तेव्हा हसली. बापू त्यांच्या आधीच हसले होते.

मी मनात म्हटलं, बघितलेला असेल सिनेमा.

मग सेल्समनने आम्हाला दुसऱ्या टीव्हीसमोर नेलं. सगळ्यांत स्वस्त, दिसायला झकपक. मला तोच घ्यावासा वाटत होता, खरं सांगतो, कारण उरलेल्या पैशात नवा कंट्रोलर आला असता. बापूंनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘हा नको. ह्यातला माणूस तोंडात भात धरून बोलतो.’

अक्का, त्या टीव्हीला आवाज नव्हता. एकालाही नव्हता.

मी परत बघितलं. तो शेपूट सोडणारा टीव्ही होता. माणूस बोलताना त्याचे ओठ एकमेकांत मिसळत होते. माझी गाडी पळवली तरच ते मला दिसलं असतं. बापूंना बोलणाऱ्या माणसात दिसलं.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली. ‘बापू.’ मग जरा मोठ्याने. सेल्समनने वळून बघितलं, बापूंनी नाही. मी समोर गेलो तेव्हा म्हणाले, ‘काय रे? काय झालं? तोंड असं का?’

तू डबा घेणार होतीस. मी म्हणत होतो म्हातारे झाले.

आठवतं का, मागाच्या शेडमधे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही? सगळे ओठ मोठे करून बोलतात, आवाज काढतच नाहीत. आपण लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा आपणही तसंच बोलायचो. आपल्या घरात अजून सगळे एकमेकांकडे तोंड करून, हात हलवून बोलतात. अव्वा तर गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. अशा घरात एखाद्याचे कान गेले तर कळणार कुणाला? पुढच्या रांगेची तिकिटं पैसे वाचवायला नव्हती. आणि जूनमधला तो सिनेमा दुसऱ्या भाषेतून आपल्या भाषेत आणलेला. तोंडं एक बोलतात, आवाज दुसरंच. तुला मला आवाज ऐकू येतो, म्हणून लक्षात येत नाही. त्यांच्यासाठी अडीच तास परकी माणसं परकं काहीतरी बोलत होती. म्हणून ते उठले. तुझ्या नोकरीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

फोनवर ते कुणाशीच बोलत नाहीत अक्का. मलाही आत्ता लक्षात आलं. फोनला ओठ नसतात.

बसमधे मी त्यांना काही विचारलं नाही. अव्वाला रात्री सांगितलं. ती बिड्या वळता वळता थांबली आणि म्हणाली, ‘मला वाटायचं, हा माणूस माझं सगळं निमूट ऐकतो.’ आणि हसली. मग रडली.

टीव्ही घेतलाय. त्रेचाळीस इंची, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण शेपूट नाही, बाजूने काळा पडत नाही, आणि बटण दाबलं की लगेच वळतो. मला गाडीसाठी जे हवं होतं, नेमकं तेच बापूंना ओठांसाठी हवं होतं. आवाज मात्र डब्यातल्या मुंगीसारखाच आहे. दुकानदार दसऱ्याच्या आधी आणून देणार आहे.

आता तू काय लिहायचं ते त्यांना लिही. मला जमत नाहीये.

वंशी


मंगलगुडा
२४ सप्टेंबर

बापू,

हे पत्र तुमच्या नावाने आहे. वंशीने वाचून दाखवायचं नाही. तुम्हाला वाचता येतं, अक्षर मोठं काढलंय.

वंशीने मला कळवलं. त्याच्यावर चिडू नका.

तुमच्या कानांबद्दल वाचलं तेव्हा मी शाळेच्या मागच्या ओढ्यापाशी जाऊन बसले. मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात. तीन महिने मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. मुलींना सांगत होते की माझ्या घरात मी पहिली शिकलेली. शिकले कशी, ते मात्र सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. खडखडणाऱ्या मागांच्या मधे एक माणूस उभा असतो, तो धोट्याकडे लक्ष ठेवतो, तुटलेला धागा जोडतो, आणि घरी मुलगी प्रश्न वाचत असते, हे मी त्यांना फळ्यावर चित्र काढून दाखवलं. एका मुलीने विचारलं, ‘इतक्या आवाजात ते बोलायचे कसे?’ मी आवाज न काढता म्हणून दाखवलं, ‘जेवण आणलंय, हात धुवा.’ सगळ्यांना कळलं. मग तासभर वर्गात कुणी आवाजच काढला नाही. मुख्याध्यापकबाई येऊन बघून गेल्या, वर्ग एवढा शांत कसा म्हणून.

माझी एक विनंती आहे. सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या. मागावरच्या माणसांचे कान जातात हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही, हे मला पटत नाही. त्याबद्दल मी कुणाकुणाला लिहिणार आहे, पण ते नंतर. आधी तुम्ही.

आणि दुसरं. तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही तुम्हाला माग सोडायला लावलं असतं, म्हणून सांगितलं नाही ना? मला तसंच वाटतं. निदान मी डिग्रीला होते ती तीन वर्षं तरी तुम्ही गप्प राहिलात. मला ह्याचे आभार कसे मानायचे ते कळत नाही. मी आतापर्यंत फक्त परीक्षांचे पेपर लिहिले, तिथं प्रश्न तरी आधी दिलेला असतो.

बतुकम्माला मला येता येणार नाही. पुरात इकडचा पूल वाहून गेलाय. ज्या मुलींना गावी जाता येत नाही त्यांच्यासोबत मी इथं थांबतेय. इथंच फुलं रचून बतुकम्मा करू. टीव्ही आला की त्याच्यासमोर तुम्ही बसा. मी नसले तरी बसा.

तुमची,
हारिका


सिरसिल्ला
१९ ऑक्टोबर

अक्का,

दसरा झाला. सोनं म्हणून वाटतात ती जम्मीची पानं मल्लव्वाने तुझ्या वाट्याचीही आपल्याकडे दिली. अव्वाने तांदळाच्या पिठाची खमंग सर्वपिंडी केली आणि तुझं नाव घेऊन दोन जास्त खाल्ल्या.

टीव्ही आला. माणसं माणसांच्या रंगाची दिसतात. अव्वाने तिरकं बसून, आडवं बसून, आणि दारातून पळत जाऊन तपासलं. पास. मी गेम लावला आणि बापूंच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. शर्यतीची गाडी. सुरुवात झाली तशी त्यांनी ती रस्त्यावरून काढून शेतात घातली. मी ओरडलो, ‘बापू, रस्ता इकडं!’ मग आठवण झाली, समोर जाऊन बोललो. ते म्हणाले, ‘रस्ता तुझा तू बघ. इकडं काय आहे ते बघू दे मला.’ एका टेकडीवर गाडी उभी करून गेममधला डोंगर बघत बसले. मी शर्यत जिंकली, पण कुणाला हरवलं ते कळलं नाही.

जुने सिनेमे बघतात. खुर्ची पडद्यापासून दोन हातांवर. नव्यातले इथेच बनलेले मी शोधून ठेवतो. ओठ आणि भाषा जुळते का, ते आधी आवाज बंद करून बघतो. माझीही सवय व्हायला लागलीये.

पण तुझ्या पत्राबद्दल ते काहीच बोलले नाहीत. वाचलं, घडी केली, पेटीत ठेवलं. मी विचारलं, अक्काला काही लिहायचं का? तर म्हणाले, ‘बघू.’ लागलं असेल का त्यांना, आपण सगळ्यांनी मिळून शोधून काढलं म्हणून? मला कळत नाही. पुढच्या वेळी आसिफाबादला जाशील तेव्हा साधा फोन करू नकोस. तोंड दिसेल असा, चित्राचा कर. मी वायर आणलीये, फोन टीव्हीला जोडतो.

वंशी


सिरसिल्ला
८ नोव्हेंबर

हारिकाला,

मी राजेशम लिहितो. लिहायची सवय नाही. चुका असतील, लाल पेनाने दुरुस्त करू नकोस.

तू विचारलं होतंस ते खरं आहे. सांगितलं नाही कारण मालकाने माग कमी केले असते. धागा तुटला की आवाज बदलतो, तो ऐकू यावा लागतो. मला तो ऐकू येईना तेव्हा मी डोळ्यांनी बघायला लागलो. जमलं. तुझी परीक्षा झाली की सांगू म्हटलं. मग वंशीची फी आली. मग सवय झाली. एवढंच आहे. त्याचं तू फार मोठं करू नकोस.

राग नव्हता. तू जंगलात जाते म्हणालीस तेव्हा मला पूर्ण कळलंच नव्हतं. तू पुस्तकं भरताना पाठमोरी होऊन सांगितलंस. अव्वा रडली म्हणून मला वाटलं लग्न ठरलं. दोन दिवसांनी वंशीकडून कळलं. तेव्हा मला बरं वाटलं, लग्न ठरण्यापेक्षा. हे अव्वाला सांगू नकोस.

दवाखान्यात जाऊन आलो. यंत्र मिळेल म्हणतात, नंबर लावलाय. मागावरचे आणखी चौघं माझ्याबरोबर आले. आतापर्यंत तेही गप्प होते.

तुझं पत्र मला आवडलं. पत्र वाचताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. उत्तर लगेच दिलं नाही कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. परवा तू आसिफाबादहून चित्राचा फोन केलास, त्यानंतर सुचलं.

तुझं तोंड पडद्यावर केवढं मोठं दिसलं. जन्मलीस तेव्हापासून इतकं मोठं बघितलं नव्हतं. गालावर ऊन लागलंय. आधी तू अव्वाशी बोललीस, पूल दुरुस्त झाला, पोरींना खोकला आहे, संक्रांतीला येशील, ते सगळं मला कळलं. मी खुर्ची आणखी पुढे ओढली. मल्लव्वा आली होती, गल्लीतल्या बायका आल्या होत्या. त्या सगळ्या तुझ्याशी ओरडून बोलत होत्या, जणू आसिफाबादपर्यंत आवाज त्यांनाच पोचवायचाय.

मग तू माझ्याकडे बघितलंस, आणि शेडमधे डबा घेऊन यायचीस तशी बोलायला लागलीस. आवाज न काढता.

वंशी उडी मारून उठला. ‘आवाज गेला! आवाज गेला!’ वायर उपटली, परत खोचली, रिमोटची सगळी बटणं दाबली. अव्वा त्याला म्हणाली, मी सांगितलं होतं ना, नाव नसलेला टीव्ही घेऊ नकोस. मल्लव्वा म्हणाली, पैसे परत मागा. त्या गोंधळात तू मला सगळं सांगितलंस. तिथं तुला किती बरं वाटतं ते. सातवीतली ती पोरगी आता वर्गात उभी राहून बोलते ते. आणि माझ्याबद्दल जे म्हणालीस ते. ते मी इथं लिहीत नाही. मला नीट कळलं. एकही शब्द सुटला नाही.

मी पण तसंच उत्तर दिलं. तू मान हलवलीस, म्हणजे तुला कळलं असणार.

वंशी आज परत त्या दुकानात गेलाय, टीव्हीचा आवाज मधेच जातो म्हणून तक्रार करायला. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तूही दोन दिवस सांगू नकोस.

बापू